स्वेटर आत, शर्ट वर

आम्ही घाटावरच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. आज बोलायला बसलो आहोत ते हिवाबद्दल. पुस्तकात थंडी लिहितात, आपल्या घरात मात्र हिवच लागतं.

तुम्ही म्हणाल, यात बोलायचं काय? हिव पडलं की स्वेटर घालायचा, संपलं. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्यातही हशाच पिकला. मग एकीनं साधा प्रश्न विचारला, "तुझ्या घरात गरम कपडे किती, आणि त्यातले तुझ्या मापाचे किती?" सगळ्याजणी बोटं मोजायला लागल्या. घरधन्याचं जाकीट आहे, कारण तो पहाटे मोटरसायकलवर दूध घेऊन जातो. लेकरांचे शाळेचे स्वेटर आहेत. म्हाताऱ्या बाबांची कानटोपी आहे, मफलर आहे. आणि बाईचं? पदर. फार तर लग्नात अहेरात आलेली शाल. ती पेटीत जपून ठेवलेली, कारण ती 'चांगली' आहे!

असं का, म्हणून विचारलं तर जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच. आपण घरातच असतो, चुलीपाशी असतो, आपल्याला कशाला लागतो स्वेटर? बायांनो, जरा आठवून पाहा. घरात सगळ्यात आधी उठतं कोण? पाच वाजता अंगणात सडा कोण टाकतं? हौदातल्या गार पाण्यात भांडी कोण घासतं, नळ आला की ओल्या पायानं कोण उभं राहतं? आणि आठ वाजता दवाच्या पऱ्हाटीत कोण शिरतं? घरातली पहिली थंडी बाईच्या अंगावर पडते आणि गरम कपड्याचा नंबर तिचाच शेवटचा लागतो. म्हणून आजचं बोलणं घरातल्या बाईच्या अंगावरच्या कपड्यांबद्दल आहे. लेकराबाळांचं आणि म्हाताऱ्यांचंही ओघात येईलच.

आधी आपल्या जिल्ह्याच्या हिवाचं सांगतो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा ही सगळी घाटावरची माणसं. राजूर घाट उतरून मलकापूरकडे गेलं, की खाली पूर्णेचं खोरं. घाटाखालच्या मैत्रिणी म्हणतात, आमच्याकडे कसलं हिव, आमच्याकडे नुसता उन्हाळा. दिवसाचं ते खरं आहे. पण रात्री गार हवा जड होते आणि पाण्यासारखी उताराकडे वाहत जाऊन खोलगट जागी साठते. म्हणून नदीकाठचं, नाल्याकाठचं वावर पहाटे टेकडावरच्या वावरापेक्षा जास्त गारठलेलं असतं. ज्यांचं रान नाल्याला लागून आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हवामान खात्याचा नियम असा, की मैदानी भागात रात्रीचं तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त उतरलं, की त्याला थंडीची लाट म्हणायचं. दहा अंश ऐकून काश्मीरचा माणूस हसेल. पण काश्मीरच्या माणसाकडे फिरन आहे, कांगडी आहे, जाड भिंतींचं घर आहे. आपल्याकडे टिनाची पत्रं, फटी पडलेलं दार आणि ताट्यांची न्हाणी. दहा अंश आपल्याला पुरेसे आहेत.

आता मुद्द्याचं. कपडा स्वतः गरम नसतो. हे आम्हाला पटायला वेळ लागला, पण एकदा पटलं की बाकी सगळं सोपं आहे. उष्णता आपल्या अंगातून निघते, भाकरीतून निघते. कपडा फक्त तिला बाहेर जाऊ देत नाही, आणि तेही स्वतःच्या जाडीनं नाही, तर त्याच्या आत अडकलेल्या हवेनं. थांबलेली हवा उष्णता सहज पुढं जाऊ देत नाही.

गोधडी पाहा. तिच्यात जुन्या लुगड्यांचे सहा-सात पदर असतात. एकेक पदर हातात धरला तर उजेड दिसेल इतका विरलेला. पण पदरापदरांत हवा बसते आणि टाके तिला हलू देत नाहीत. म्हणून आजीची गोधडी बाजारातल्या चकचकीत ब्लँकेटपेक्षा जास्त ऊब देते. गादीचंही तसंच. वर्षानुवर्षं झोपून सरकी काढलेली रुई दबते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि गादी पाटासारखी होते. मग पिंजारी दादा यायचे, धनुकलीनं टणटण करत तीच रुई पिंजून द्यायचे. रुई तेवढीच, वजन तेवढंच, पण गादी दुप्पट फुगलेली आणि गरम. नवीन काही घातलं नाही, फक्त हवा परत भरली. आता मशिनीवर पिंजून देतात. दोन गाद्या जुन्या झाल्या असतील तर नवीन घेण्याआधी पिंजून घ्या. आणि अंथरूण-पांघरूण आठवड्यातून एकदा उन्हात टाका. ओल निघून जाते आणि कापूस फुलतो.

आपला जिल्हा तर कापसाचाच. खामगावची कापसाची पेठ एवढी मोठी होती, की १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला आणि तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेल्या कापसाच्या गाठी त्या रुळांवरून मुंबईला आणि तिथून विलायतेला गेल्या. वेचणाऱ्या बाईच्या अंगावर काय होतं, याची नोंद कुणी केलेली आमच्या पाहण्यात नाही.

पण कापसाचा एक अवगुण ध्यानात ठेवायचा. सुती कपडा पाणी पितो आणि सोडत नाही. कोरडा असेतोवर तो आपला, ओला झाला की वैरी. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस पटींहून जास्त वेगानं ओढून नेतं. लोकरीचं तसं नाही. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही. म्हणूनच धनगर दादा पावसात, दवात घोंगडी पांघरून मेंढरांमागं फिरतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, अंगाला टोचते. ती कातून, मागावर विणून, वर चिंचोक्याची खळ दिली, की घोंगडी अशी कडक होते की पावसाचं पाणी वरून ओघळून जातं. कुणाच्या घरात सासऱ्याची जुनी घोंगडी माळ्यावर पडली असेल तर ती खाली काढा. वजनाला जड आहे, वासही येतो, पण रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसासाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही.

आता अंगावर काय आणि कोणत्या क्रमानं घालायचं ते सांगतो. आमचा सगळ्यात मोठा फायदा याच गोष्टीनं झाला.

वावरात जाताना आपण लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतो. पऱ्हाटीच्या काड्या टोचू नयेत, ऊन लागू नये, कपडे मळू नयेत म्हणून. हिवाळ्यात त्या शर्टावर स्वेटर चढवतो. आता स्वेटर म्हणजे काय? भोकंच भोकं. घरात, वारा नसताना, त्या भोकांत हवा थांबते. वावरात वारा सुटला की ती हवा वाऱ्याबरोबर निघून जाते आणि स्वेटर असून नसल्यासारखा. शिवाय बोंडांच्या टोकांत अडकून धागे निघतात ते वेगळंच. म्हणून उलट करायचं. स्वेटर आत, शर्ट वर. शर्ट वाऱ्याला अडवतो, स्वेटर ऊब धरतो. शर्ट मात्र ढिला पाहिजे, एक माप मोठाच. वरून घट्ट आवळला तर आतली हवा चेपली जाते. बाह्या पूर्ण असाव्यात आणि मनगटाशी बटण लावलेलं असावं.

सगळ्यात आत, अंगाला लागून, एक पूर्ण बाह्यांची पातळ बनियन. बाजारात त्याला थर्मल किंवा वॉर्मर म्हणतात. ब्लाउज आणि लुगड्याच्या मधला पोट-कमरेचा भाग आपला उघडाच राहतो. वाकून काम करताना तर पाठीचा मणकाही उघडा पडतो. बनियन लांब घेऊन परकराच्या नाडीत खोचली की तो सगळा भाग झाकला जातो. पहिल्यांदा आमच्यातल्या दोघींनाच हे पटलं. बाकीच्या म्हणाल्या, पुरुषासारखं दिसतं. मग त्या दोघींची कंबर धरेनाशी झाली आणि पुढच्या बाजाराला सगळ्यांनी घेतली!

खालचं काय? जुन्या नऊवारी लुगड्याचा काष्टा असायचा, पाय दोन वेगळे गुंडाळलेले, हवा आत अडकलेली. गोल साडी खालून मोकळी, हापशाच्या बादलीसारखी, वारा सरळ वर. काष्टा घाला असं आम्ही म्हणत नाही, आमच्यातल्या कितीजणींना तो नेसताही येत नाही. परकराच्या आत लेगिंग घाला, किंवा पोरीची जुनी सलवार घाला. कुणाला दिसत नाही, कुणाला कळत नाही.

पायांचं दुखणं निराळं. बाया मोजे का घालत नाहीत हे पुरुषांना कधी कळलेलं नाही. एक तर जोडवी. मोजा घालताना जोडव्यात अडकतो, फाटतो, आणि दिवसभर बोटाला काचतो. दुसरं म्हणजे स्लिपरचा पट्टा. बंद मोजा घातला तर स्लिपर पायात बसतच नाही. यावर अंगठा वेगळा असलेले मोजे मिळतात, तालुक्याच्या बाजारात सहज मिळतात. आणि जोडव्यांचं म्हणाल तर चांदी हा धातू आहे, धातू उष्णता झटकन ओढतो, म्हणून पहाटे जोडवी बर्फासारखी लागतात. रात्री काढून ठेवायची की नाही हे ज्यानं त्यानं आपल्या घरी ठरवावं. आमच्यातल्या काहीजणी काढतात, काही काढत नाहीत. दोघींचेही नवरे ठणठणीत आहेत.

डोक्याबद्दल एक ऐकीव गोष्ट आहे, की अंगातली सगळी उष्णता डोक्यातूनच निघून जाते. तसं काही नाही. उघडा राहील तो प्रत्येक भाग आपापल्या परीनं उष्णता घालवतो. पण कान आणि मान गारठले की दुखणं लवकर धरतं, आणि मोटरसायकलवर मागं बसलेल्या बाईचे कान आधी जातात. पदर डोक्यावरून घेऊन भागत नाही, तो वाऱ्यानं उडतो. दुपट्टा कानावरून, मानेभोवती घट्ट गुंडाळा आणि टोक शर्टात खोचा. मोटरसायकलवर टोक मोकळं सोडूच नका, चाकात जातं. दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाला सिंदखेड राजाला आपण टेम्पोत बसून मध्यरात्रीच निघतो. उघड्या टेम्पोत जाणाऱ्यांनी अंगाखाली गोधडी, पाठीला ताडपत्री आणि म्हातारी माणसं मधोमध, एवढं तरी करायचं.

आता कापूस वेचणीचं. इथं फक्त कपड्यानं भागत नाही, इथं थोडं भांडावंही लागतं.

वेचणी ऐन हिवाळ्यात येते आणि मजुरी किलोवर असते. म्हणून बाया लवकर शिरतात, जेवढा वेळ जास्त तेवढा कापूस जास्त. सकाळी पऱ्हाटी दवानं न्हालेली असते. दहा मिनिटांत लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, शर्टाच्या बाह्या ओल्या, बोटं बधिर. मग दहा-अकरापर्यंत त्याच ओल्या कपड्यांत. खरं सांगायचं तर दवाचा कापूस तोलाला थोडा जास्त भरतो, त्याचाही मोह असतो. पण शेतकऱ्याला तो कापूस परवडत नाही. सीसीआय म्हणजे भारतीय कपास निगम हमीभावानं कापूस घेतं तेव्हा ओलावा मोजतं. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर बारापर्यंत कपात, आणि बाराच्या वर ओलावा असला तर कापूस घेतच नाहीत. ओला कापूस ढिगात पिवळाही पडतो. कृषी विभागाचे लोकही सांगतात, दव उडाल्यावर वेचा.

म्हणजे इथं बाईचं आणि मालकाचं हित एकच आहे. आम्ही गटानं मिळून गावातल्या कापूसवाल्यांशी बोललो. उशिरा शिरू, संध्याकाळी थोडं उशिरा निघू, आणि दर किलोला थोडा वाढवून द्या, कारण कोरडा कापूस वजनाला हलका पडतो. काहींनी मानलं, काहींनी 'पाहू' म्हटलं. ज्यांनी 'पाहू' म्हटलं त्यांच्याकडे आम्ही अजूनही बोलतो आहोत. एकटी बाई हे बोलली तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी येते. गट म्हणून बोलायचं.

लवकर शिरावंच लागलं तर खताचं रिकामं प्लास्टिकचं पोतं उकलून, धुऊन, वाळवून कमरेला पुढून बांधा, ओटीच्या खाली. दव पोत्यावरून निथळतं. खताचंच घ्या बरं, औषधाचं, फवारणीचं काहीही अंगाला लावायचं नाही. आणि पिशवीत एक कोरडा परकर आणि कोरडे मोजे ठेवा. दव उडालं की तुरीच्या आडोशाला जाऊन बदला.

ओलिताचं थोडक्यात सांगतो. शेतीच्या पंपाची लाईन आळीपाळीनं दिवसा आणि रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला नवराबायको दोघंही जातात, कारण एकट्यानं विंचूकाट्याची भीती. तिथं सुती मोजे ओले करून उभं राहण्यापेक्षा गमबूट घ्या. घरात एकच जोड असेल तर जो पाण्यात उभा राहील त्याच्या पायात तो जोड, मग बाई असो की बाप्या. आणि दारूनं ऊब येते हा समज घरात कुणाला असेल तर सांगा, की दारूनं कातडीकडचं रक्त वाढतं, माणसाला गरम वाटतं आणि आतली उष्णता उलट झपाट्यानं निघून जाते. भांडायला हे एक कारण आम्ही तुम्हाला जास्तीचं दिलं.

मागच्या पौषात आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंचं काय झालं ते सांगतो, त्यांच्या परवानगीनं. माउली ओसरीत झोपायच्या. अंगावर दोन गोधड्या होत्या, पण अंगाखाली नुसतं एक पोतं, तेही ओलसर. पहाटे उठवलं तर जीभ जड, बोलणं अडखळत, उभं केलं तर तोल जाई. कुडकुडत मात्र नव्हत्या. कुणी म्हणालं झोप नीट झाली नाही, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, लिंबू उतरवा. सुनेनं लुगड्याच्या आत पोटाला हात लावला, तर पोटही गार. तिनं ओळखलं. ओलं लुगडं काढलं, कोरडं नेसवलं, खालून-वरून गोधड्या घातल्या, स्वतः पाठीला चिकटून बसली आणि १०८ ला फोन लावला. शुद्धीवर होत्या म्हणून गोड चहा चमच्यानं पाजला. तिसऱ्या दिवशी माउली घरी आल्या आणि सुनेच्या चहात साखर कमी होती म्हणून सांगत बसल्या.

अंगाचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की असं होतं. आधी माणूस कुडकुडतो, ते ठीक आहे, शरीर झगडत असतं. कुडकुडणं थांबलं आणि माणूस सुस्त, गोंधळलेला झाला, की धोका. हातपाय जोरानं चोळायचे नाहीत, एकदम शेकोटीपुढं बसवायचं नाही, छाती-पोट आधी गरम करायचं. म्हाताऱ्या माणसाला हिव लागतंय हे कळतही नाही पुष्कळदा. म्हणून 'हिव लागतंय का' असं विचारू नका, हात लावून पाहा. आणि झोपताना अंगावर जेवढं घालता त्यापेक्षा जास्त अंगाखाली घाला. जमीन रात्रभर उष्णता ओढते, आणि अंगाखाली दबलेल्या गोधडीत हवा राहत नाही. खोक्याचा पुठ्ठा, त्यावर वाळलेल्या कुटाराचं पोतं, त्यावर गोधडी. ज्यांच्या घरी सिकलसेलचं माणूस आहे त्यांनी तर हिवाळ्यात फार जपायचं. आपल्या विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे आणि गारठ्यानं त्याच्या वेदना उसळतात.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात, धुरी देतात. दार-खिडकी बंद करून निखाऱ्याची शेगडी रात्रभर ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या वायूला रंग नाही, वास नाही, झोपेतच माणूस जातो. खोली गरम करा, शेगडी बाहेर न्या, मग झोपा. बाळाला ऊब आईच्या अंगानंच द्यायची. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास इस्पितळात काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या उघड्या छातीला बांधली आणि ती जगली. त्यालाच कांगारू पद्धत म्हणतात. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या बायांनाच शिकवून घरोघरी बाळं जपली, त्याचा अहवाल १९९९ मध्ये जगभर वाचला गेला. बाळ उबदार ठेवणं हा त्या कामाचा मोठा भाग होता. आज आपल्या आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात ते त्यातूनच आलेलं आहे.

बाळाची परीक्षा सोपी आहे. हाताच्या मागच्या बाजूनं तळपाय आणि पोट पाहायचं. दोन्ही गरम, तर बाळ बरं आहे. पाय गार आणि पोट गरम, तर बाळाला हिव लागतंय, छातीशी घ्या. दोन्ही गार, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. टोपरं, झबलं, मोजे, वर कुंची. कुंची ही आपल्या आज्यांची फार शहाणी वस्तू, डोकं-मान-पाठ एकाच कापडात. बाळाचं तोंड झाकायचं नाही, गच्च आवळायचं नाही. आणि जन्मल्या दिवशी आंघोळ नाही, निदान २४ तास तरी नाही, मग सुईण काही म्हणो.

स्वेटर घेताना लेबल पाहा. बाजारात येतो तो बहुतेक लुधियानाचा माल, आणि त्यातला बराच ॲक्रिलिकचा, लोकरीचा नाही. ॲक्रिलिक वाईट नाही, स्वस्त आहे, धुवायला सोपा आहे. पण लोकरीच्या भावात घेऊ नका. आतल्या शिवणीचा एक धागा काढून काडी लावून पाहा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. यावरूनच कळेल, की असा स्वेटर किंवा नायलॉनची साडी घालून चुलीवर, शेकोटीवर वाकायचं नाही. पेटला तर अंगाला चिकटतो. चुलीपुढं स्वेटरवर सुती शर्ट आणि पदर खोचलेला.

आमच्या गटानं दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, दिवाळीआधीच्या बैठकीत गटाच्या पैशातून एकदम वॉर्मर आणि मोजे आणायचे, ठोक भावानं, आणि घरी जाताना ते पिशवीत नाही तर अंगात घालून जायचं. पिशवीत नेलेला स्वेटर पोरीच्या किंवा पुतणीच्या अंगात जातो, हे आमचं नेहमीचं पाहणं.

दुसरी गोष्ट संक्रांतीची. दरवर्षी हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, आरसे लुटतो. घरात त्यांचा ढीग झाला आहे. यंदा वाण म्हणून मोज्यांचा जोड किंवा कानटोपी द्यायची असं आम्ही ठरवलं. काळी साडी नेसून तीळगूळ वाटताना पायात मोजे असले तर काय बिघडलं? आणि हे वाण विधवा बायांच्या घरी आधी न्यायचं. गावात एकट्या राहणाऱ्या, टिनाखाली झोपणाऱ्या म्हाताऱ्या बऱ्याचशा त्याच आहेत, आणि त्यांनाच आजवर कुणी बोलावलं नाही. यावरून एका घरी कुरबूर झाली. ती आम्ही मिटवत आहोत.

खाण्यापिण्याचं वेगळं सांगायला नको. उपाशीपोटी वावरात जायचं नाही, जवसाची चटणी आणि गरम भाकरी खाऊन निघायचं. डिंकाचे लाडू बाळंतिणीपुरते ठेवू नका.

होळी झाली की स्वेटर, वॉर्मर कोमट पाण्यात धुवा. लोकरीचा असेल तर गरम पाण्यात टाकू नका, आटतो आणि लेकराच्या मापाचा होतो. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा, आडवे पसरून सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्यावर पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकून ठेवा. पेटीवर आपलं नाव लिहा.